पैलवान आणि मालकाची मुलगी: मनाईची पार्श्वभूमी

पोरगा तालमीतला, पोरगी त्याला पोसणाऱ्याच्या घरातली, आणि दोघांचं एकमेकांवर मन बसलेलं. कोल्हापूरच्या पेठांत ही गोष्ट दर पिढीला नव्याने कानावर येते आणि बहुतेक वेळा तशीच दाबली जाते. जात आडवी आली, असं आपण पटकन म्हणतो. ती येतेच. पण दोघं एकाच जातीची असतानाही घरात आगडोंब उसळलेला मी पाहिलाय. म्हणून त्यांच्या लग्नाला ही मनाई नेमकी कुठून आली ते नीट बघायला हवं.

संस्थानकाळाबद्दल थोडक्यात सांगतो. खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ साली खुलं झालं, पैलवानांचा खुराक शाहू महाराजांच्या दरबारानं चालवला. त्याच महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. कागलच्या घाटगे या मराठा घराण्यातली मुलगी इंदूरच्या धनगर होळकरांकडे द्यायचं त्यांच्याच हयातीत ठरलं. लग्न लागलं १९२४ साली, महाराज जाऊन दोन वर्षं झाल्यावर. म्हणजे लग्नाच्या बाबतीत दरबार पेठेच्या पुढे होता. तालमीच्या उंबऱ्याआत मात्र हुकूम चालायचा तो लंगोटाचा.

लंगोट लावला की पोरगं ब्रह्मचर्याला बांधलं गेलं. लग्न म्हणजे कुस्ती सुटली, हा समज आजही पुरता गेलेला नाही. त्यात वस्ताद बापाच्या जागी, म्हणजे त्यांची मुलगी बहिणीच्या जागी. तिच्याकडे मान वर करून बघणं हा गुन्हाच. वस्ताद मारायचे ते चूक केली म्हणून नव्हे, तालमीचं नाव घालवलं म्हणून.

पण इथला खरा गुंता आहे ‘मालक’ या शब्दात. तालमीला मालक नसतो. ती पेठेची. तिथे मारुती असतो, मोहरमला पंजेही बसतात, वर्गणी घरटी गोळा होते. मग पैलवान कुणाचा? ज्याचा खुराक त्याचा. बदाम, तूप, दूध, मटण, फळं हा खर्च शेतकऱ्याच्या घराला झेपणारा नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशीची धार काढत असतात. भला मोठा ग्लास धरून उभा असलेला, कान मोडलेला पोरगा फेस पुसत एका दमात तो रिकामा करतो आणि पैसे न देता चालू लागतो. हिशोब कुणाच्या तरी वहीत चढतो. ती वही ज्याची, तो त्याचा मालक. त्याला कुणी कधी मालक नेमलेलं नसतं, पण जत्रेत जोड लावताना पोराआधी त्याला विचारतात.

आणि हाच शब्द आपल्याकडे बाई नवऱ्यासाठीही वापरते. ‘आमचे मालक रानात गेलेत.’ म्हणजे जो माणूस पैलवानाचा मालक, तोच त्या मुलीच्या आईचाही मालक. अशा घरातली मुलगी आपल्या मनानं कुणाला निवडते, तेव्हा बापाला पोरीची निवड दिसतच नाही. त्याला दिसतं, की आपल्या वहीत ज्याचं नाव आहे तो आपल्याच घरात जावई म्हणून पाटावर बसणार. देणारा हात खाली आणि घेणारा वर. हा अपमान त्याला जातीच्या बोलांपेक्षा जास्त झोंबतो. पैलवानाची बाजू सगळे सांगतात, पोरीची कुणी सांगत नाही.

मी जवळून पाहिलेला काळ १९८०च्या आसपासचा. तोवर दरबाराची जागा साखर कारखान्यांनी घेतली होती. मानधन, कधी नोकरी, हंगामात मैदान. मालक आता एकटा नव्हता, संचालक मंडळ होतं. तरी पैलवान कुठल्या नेत्याचा, हे गावाला पक्कं ठाऊक असायचं. प्रेमात पडलेल्या पोराचं मानधन पुढच्या महिन्यात थांबायचं. कुणी भांडायचं नाही की कारण लिहायचं नाही. दूधवाला फक्त म्हणायचा, ‘पैलवान, वही बंद झालीय.’

मुलीनं स्वतः अट घातल्याचं एक उदाहरण याच्या बरंच आधीचं आहे. १९५४ साली हमीदा बानू या पैलवान बाईनं जाहीर केलं होतं, की मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन. तिनं पुरुष पैलवानाला चीत केल्यावर कोल्हापूरच्या प्रेक्षकांनी दगडफेक केल्याचं सांगतात. हे आपल्या गावाला शोभणारं नव्हतं.

अलीकडे मालक हा शब्द उघड, कागदोपत्री आला. २०१४ला कबड्डीची आणि २०१५ला कुस्तीची लीग सुरू झाली, खेळाडूंचे लिलाव झाले, संघाला रीतसर मालक मिळाले. करार ठरावीक मुदतीचा, पैसे बँकेत, दुधाची वही नाही. मला हे बरं वाटतं, कारण करार संपला की खेळाडू मोकळा. दुसरीकडे मुलीही मातीत उतरल्या. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली.

लग्नाची वाट मात्र अजून अवघड आहे. दोघंही हिंदू असतील तर आळंदी गाठून लग्न उरकता येतं. धर्म वेगळा असेल तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे ३० दिवसांची नोटीस कचेरीत लागते. ज्याचा फेटा बांधलेला फोटो चौकाचौकातल्या फलकांवर आहे, त्याचं नाव त्या भिंतीवर कोण वाचणार नाही? बातमी संध्याकाळच्या आत कट्ट्यावर पोचते.