तंगडी लाल, म्हणजे रक्त राहिलं?

रविवारी नौपाड्यात चिकनच्या रांगेत एखाद्या काकू हमखास म्हणतात, "भाऊ, तंगडी लाल दिसतेय, रक्त नीट काढलं नाही." दुकानदार निमूटपणे तंगडी पुन्हा नळाखाली धरतो. लाली तशीच! जाणार कशी? ती रक्ताची नाहीच. कापल्यावर बहुतेक रक्त निथळून जातं. उरते ती मायोग्लोबिनची लाली. स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं हे प्रथिन.

कोंबडी दिवसभर पायांवर असते. त्या कामाला लवकर न थकणारे संथ स्नायुतंतू लागतात आणि त्यांत मायोग्लोबिन भरपूर. छातीचे तंतू जलद, दोनचारदा फडफडलं की दमणारे, म्हणून छाती पांढरी. आपल्या खिडकीच्या ग्रिलवर घाण करणारं कबुतर मात्र लांब उडतं; त्याची छाती गडद लाल.

तंतूंची संख्या अंड्यातच जवळपास ठरते. पुढे ते जाड होतात, वयानं नि हालचालीनं त्यांचा प्रकारही थोडाफार बदलतो. वर्षभर अंगणात उकिरडा उकरलेल्या गावठीची तंगडी म्हणूनच सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरपेक्षा काळपट.

आणि पिशवीत साचतं ते गुलाबी पाणी? तेही मुख्यतः पाणी आणि मायोग्लोबिनच.