तेल प्लॅटफॉर्मची प्लॅस्टिक प्रतिकृती

समुद्रात उभ्या असलेल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचे प्रमाणबद्ध मॉडेल पॉलिस्टायरीनच्या तयार सुट्या भागांतून किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या-नळ्या कापून बांधण्याचा छंद. जहाजे, विमाने आणि रणगाडे बांधणारे पुष्कळ. या विषयाकडे वळणारे थोडे. विमानाला बाहेरून सलग कवच असते. दोन भाग चिकटवले, सांधा घासला की आकार दिसू लागतो. प्लॅटफॉर्मला कवचच नाही. नळ, तुळया, जिने, कठडे, टाक्या सगळे उघड्यावर असते, त्यामुळे कामातली कसूर कुठेही लपत नाही. मेहनतीला खरा वाव देणारा असा दुसरा विषय या छंदात क्वचितच सापडेल.

तयार किटांपैकी सर्वांत परिचित म्हणजे रेव्हेल कंपनीचे १:२०० प्रमाणातले ‘नॉर्थ कॉर्मोरंट’. हा मूळ प्लॅटफॉर्म उत्तर समुद्राच्या ब्रिटिश हद्दीत, शेटलंड बेटांच्या ईशान्येला, सुमारे १६१ मीटर खोल पाण्यात बांधलेला. शेल आणि एसो या तेल कंपन्यांच्या भागीदारीत तो उभा राहिला आणि १९८२ मध्ये तिथून तेल निघू लागले. तो तरंगता नव्हता. पोलादी नळ्यांचा सांगाडा, म्हणजे जॅकेट, समुद्रतळावर बसवून पाइल्सनी, म्हणजे तळात ठोकलेल्या खांबांनी जखडला आणि त्यावर डेक व मॉड्यूल, म्हणजे यंत्रे आणि खोल्यांचे तयार ठोकळे, चढवले. मॉडेलही याच क्रमाने, खालून वर बांधतात.

प्रमाणाचा हिशेब आधी करावा. १६१ मीटर खोली १:२०० ने ८० सेंटीमीटर होते, म्हणजे फक्त पाण्याखालचा भागच टेबलापेक्षा उंच. म्हणून सहसा सांगाडा पाण्याच्या पातळीच्या थोडा खाली थांबवतात. उलट टोकाला, पावणेदोन मीटर उंचीचा कामगार नऊ मिलिमीटरही भरत नाही आणि १.१ मीटरचा कठडा साडेपाच मिलिमीटरचा होतो. त्या कठड्याची नळी पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. एवढे बारीक प्लॅस्टिक साच्यातून नीट निघत नाही, म्हणून किटमधले जाड कठडे काढून पितळी तार किंवा कोरीव पितळी पत्रा वापरतात. मेणबत्तीच्या आचेवर स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला अडकलेले असतात तिचा, तुकडा मऊ करून दोन्ही हातांनी ओढला तरी केसासारखी तार मिळते.

जॅकेट हा सर्वांत वेळखाऊ टप्पा. प्रत्येक नळीवर साच्याची रेघ दोन्ही बाजूंनी आलेली असते. ती कटरच्या पात्याने खरवडून मग पॉलिशपेपर मारावा लागतो. पाय सरळ उभे नसतात, तळाकडे फाकत जातात, त्यामुळे एक तिरपी नळी जराशी चुकली की वरचा डेक कलतो. समोरासमोरच्या दोन बाजू आधी सपाट काचेवर आडव्या ठेवून जुळवाव्यात, मग आडव्या नळ्यांनी एकमेकींना जोडाव्यात. पातळ सॉल्व्हंट सिमेंटचा थेंब ब्रशच्या टोकाने सांध्याला टेकवला की तो आपोआप आत पसरतो आणि दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. तो पुरता कडक व्हायला रात्र जाऊ द्यावी. तोवर डेक नुसता वर ठेवून गुण्या लावून पाहावा. पाण्याखालचा भाग दाखवायचा असेल तर सांगाडा गंजू नये म्हणून लावलेले अॅल्युमिनियमचे अॅनोड विसरू नयेत. पट्टीचे छोटे तुकडे नळ्यांना समांतर चिकटवले की काम होते, आणि जाणकाराची नजर तिथेच आधी जाते.

डेकवर जोडणी आणि रंगकाम वेगळे करता येत नाही. वरचा मजला बसल्यावर खाली ब्रश पोचत नाही, म्हणून प्रत्येक मजला रंगवून, जुनाट करून मगच पुढचा चढवावा. मांडणीमागचे तर्कशास्त्र ठाऊक असेल तर हात चुकत नाही: राहण्याची जागा आणि हेलिडेक, म्हणजे हेलिकॉप्टर उतरण्याचा मजला, एका टोकाला, वायू जाळणारी फ्लेअर शक्य तितकी लांब, दुसऱ्या टोकाला. हेलिडेक गडद हिरवा किंवा राखाडी, त्यावर पिवळे वर्तुळ आणि पांढरा एच, लाइफबोटी नारिंगी. कोणत्या काळातला प्लॅटफॉर्म दाखवायचा तेही ठरवावे, कारण ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर स्फोट आणि आगीत १६७ माणसे गेली आणि त्यानंतर ब्रिटिश प्लॅटफॉर्मवरची सुरक्षाव्यवस्था मुळापासून बदलली.

गंज सरसकट फासणे ही सर्रास दिसणारी चूक. गंज वेल्डच्या कडेला, बोल्टभोवती आणि पाणी गळणाऱ्या भोकांखाली धरतो आणि त्याचे ओघळ सरळ खाली उतरतात. लाटा सतत आपटतात त्या पट्ट्यात तो जास्त असतो. काजळी मात्र फ्लेअरजवळच.

संगणकावर त्रिमितीय आराखडे येण्याआधी अशी मॉडेले अभियंत्यांच्या रोजच्या कामाची होती. पाइप एकमेकांना आडवे येतात का, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो का, हे सुमारे १:३३ प्रमाणाच्या प्लॅस्टिक मॉडेलवर तपासत. स्कॉटलंडमधल्या अॅबरडीन मेरिटाइम म्युझियममध्ये उत्तर समुद्रातल्या मर्चिसन प्लॅटफॉर्मचे कित्येक मजली उंचीचे मॉडेल आहे. मजल्यामजल्यावरून ते पाहता येते.

मराठी वाचकाला जवळचा विषय म्हणजे मुंबई हाय. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या या क्षेत्रात फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या विहीर खोदणाऱ्या रिगने तेल शोधले, एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला तीच दिसते. मात्र ती पाय खालीवर करणारी जॅक-अप रिग, कायम रोवलेला प्लॅटफॉर्म नव्हे. इथे पाणी साधारण ७५ मीटरच खोल, म्हणजे १:२०० ने साडेसदतीस सेंटीमीटर. अख्खे जॅकेट तळापर्यंत दाखवण्याची सोय इथे आहे. शिवाय विहिरी, प्रक्रिया आणि निवास यांचे वेगवेगळे प्लॅटफॉर्म पुलांनी जोडलेले असल्याने एकेक बांधून संकुल वाढवत नेता येते. त्यासाठी छायाचित्रांवरून मापे काढून स्टायरीनच्या नळ्या कापाव्या लागतात. कोकणपट्टीत स्प्रेचे काम पावसाळ्यात टाळावे: दमट हवेत लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते.