शोधणाऱ्या यंत्राकडून लिहिणाऱ्या यंत्राकडे : वकिली कामातल्या बदलाची पार्श्वभूमी

वकिलाच्या कामाचा मोठा भाग कोर्टात घडत नाही, तो वाचनात जातो. आपल्या मुद्द्याला आधार देणारा जुना निवाडा शोधायचा, वरच्या कोर्टाने तो नंतर फिरवलेला नाही ना याची खात्री करायची, शेकडो पानांच्या करारातलं अडचणीचं कलम हेरायचं, पुराव्याच्या ढिगातून कामाचा कागद वेगळा काढायचा. कृत्रिम बुद्धिमत्तेने हात घातला आहे तो नेमका या कामाला. २०२३ नंतरच्या घडामोडी अचानक घडल्यासारख्या वाटतात, पण हे वाचन हलकं करण्याची धडपड दीडशे वर्षांची आहे.

१८७३ साली अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये फ्रँक शेपर्ड यांनी डिंक लावलेल्या छापील चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. एखाद्या निवाड्याचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निवाड्यांत झाला, याची नोंद त्यांवर असे. वकिलाने ती चिठ्ठी आपल्या पुस्तकात त्या निवाड्याशेजारी चिकटवायची. साधन साधं होतं, पण गरज खरी होती. रद्द झालेल्या निवाड्यावर युक्तिवाद उभा करणं हा वकिलाचा सर्वांत लाजिरवाणा पराभव असतो.

संगणक या कामात आला तो पन्नासच्या दशकाच्या अखेरीस. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या जॉन हॉर्टी यांच्यासमोर पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सगळ्या कायद्यांमधून एक जुनी, अवमानकारक वाटू लागलेली संज्ञा शोधून बदलण्याचं काम आलं. विद्यार्थ्यांना कायदे वाचायला बसवलं, तर बऱ्याच जागा नजरेतून सुटल्या. मग हॉर्टी यांनी कायद्यांचा संपूर्ण मजकूरच यंत्रात भरला आणि शब्द शोधण्याचं काम यंत्रावर सोपवलं. तोपर्यंत कायद्याचं साहित्य शोधायचं ते संपादकांनी केलेल्या सूचीतून आणि विषयवार वर्गीकरणातून. आता थेट मूळ मजकुरात शोध घेता येऊ लागला. ओहायोतल्या वकील संघटनेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रकल्पातून १९७३ च्या एप्रिलमध्ये ‘लेक्सिस’ ही संगणकावर निवाडे शोधून देणारी सेवा बाजारात आली आणि १९७५ मध्ये ‘वेस्टलॉ’.

या यशातली उणीव दाखवून देणारा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि त्याची आठवण फार कमी जण काढतात. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रेल्वे अपघाताच्या दाव्यातली सुमारे ४०,००० कागदपत्रं घेतली. पानं जवळपास साडेतीन लाख. वकिलांना सांगितलं, संगणकावर शोध घ्या आणि संबंधित कागदांपैकी निदान ७५ टक्के सापडल्याचं समाधान होईपर्यंत थांबू नका. वकिलांचं समाधान झालं. प्रत्यक्षात त्यांच्या हाती लागले होते सुमारे २० टक्के. कारण तसं सरळ होतं. एकाच घटनेला कोणी ‘अपघात’ म्हणत होतं, कोणी ‘प्रसंग’, तर कोणी नुसतं ‘परवा जे झालं ते’. शब्द शोधणाऱ्या यंत्राला अर्थ सापडत नव्हता, आणि ते वापरणाऱ्या वकिलांना आपलं काय निसटतंय याची कल्पनाही नव्हती.

त्याच काळात दुसऱ्या वाटेनेही प्रयत्न चालू होते. कायदा म्हणजे ‘असं असेल तर तसं’ अशा नियमांची साखळीच, मग ती यंत्राला का शिकवू नये? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा प्रोलॉग या संगणकीय भाषेत प्रोग्रॅमच्या रूपात मांडला आणि १९८६ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. कायद्याची चौकट त्यात चांगली बसली. अडलं ते ‘वाजवी’, ‘पुरेसं’ असल्या शब्दांपाशी. त्यांचा अर्थ कलमात लिहिलेला नसतो. तो निवाड्यागणिक घडत जातो. शिवाय प्रत्येक दुरुस्तीनंतर नियम माणसानेच पुन्हा भरायचे. हा मार्ग कर आणि सरकारी लाभांच्या हिशेबात तग धरून राहिला, सर्वसाधारण वकिलीत मात्र रुजला नाही.

वकिलांना यंत्राकडे ढकललं ते ईमेलने. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दिवाणी दाव्यात आपल्याजवळची संबंधित कागदपत्रं समोरच्या बाजूला द्यावी लागतात. कागद फायलींत होते तोवर हे जमत होतं. कंपन्यांचा सगळा व्यवहार ईमेलवर गेल्यावर एकेका दाव्यात लाखो दस्तऐवज येऊ लागले आणि ते वाचायला नव्या वकिलांच्या, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या वकिलांच्या फौजा बसवाव्या लागल्या. खर्च कधीकधी दाव्याच्या रकमेच्या पुढे जाई. उपाय म्हणून नवी पद्धत आली. जाणत्या वकिलाने काही कागदांवर ‘संबंधित’ किंवा ‘असंबंधित’ अशी खूण करायची, यंत्राने त्यावरून शिकायचं आणि उरलेले कागद स्वतः लावायचे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टातले न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी या पद्धतीला मान्यता दिली. २०१६ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने दिली. माणसाने प्रत्येक कागद डोळ्यांखालून घालणं हीच एकमेव विश्वासार्ह पद्धत, हा समज तिथे मोडला.

इथपर्यंतच्या साधनांमध्ये एक गोष्ट समान होती. ती चुकत, तेव्हा असलेलं शोधायला चुकत. नसलेला कागद त्यांनी कधी तयार केला नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हे बदललं. पुढच्याच फेब्रुवारीत लंडनच्या अ‍ॅलन अँड ओव्हरी या बड्या फर्मने ‘हार्वे’ ही भाषा-प्रारूपावर, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मजकूर लिहिणाऱ्या यंत्रणेवर, चालणारी प्रणाली आपल्या वकिलांसाठी स्वीकारल्याचं जाहीर केलं. मार्चमध्ये जीपीटी-४ हे नवं भाषा-प्रारूप अमेरिकेतली बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठीची परीक्षा, उत्तीर्ण झाल्याची बातमी आली. त्याच वर्षी थॉमसन रॉयटर्सने ‘केसटेक्स्ट’ ही वकिलांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं बनवणारी कंपनी ६५ कोटी डॉलरला घेतली. मसुदे लिहिणं, करारांचा गोषवारा काढणं, साक्षीदारासाठी प्रश्न तयार करणं ही कामं यंत्र मिनिटांत करू लागलं.

आणि जून २०२३ मध्ये ‘माता विरुद्ध एव्हिआंका’ प्रकरणात न्यूयॉर्कच्या कोर्टाने वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. विमानात खाद्यपदार्थ वाढायची गाडी लागून गुडघा दुखावल्याचा साधा दावा होता. वकिलांनी दिलेल्या दाखल्यांपैकी अनेक निवाडे जगात कुठेच नव्हते. चॅटजीपीटीने पक्षकारांच्या नावांसकट ते रचले होते. निवाडा खरा आहे का, असं वकिलाने त्याच यंत्राला विचारलं, तेव्हा त्याने ‘हो’ म्हटलं.

असं का होतं हे समजून घेणं वकिलांसाठी फार गरजेचं आहे. भाषा-प्रारूप मुळात नोंदी पाहून उत्तर देत नाही. पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत जातं. आणि निवाड्याचा दाखला हा अगदी ठरीव साच्याचा मजकूर आहे : दोन नावं, मधे ‘विरुद्ध’, खंड, पान, वर्ष. या साच्याची नक्कल उतरवणं सोपं, आणि ती वाचणाऱ्याला खरी वाटते. खऱ्या निवाड्यांच्या संग्रहाशी यंत्र जोडल्याने फरक पडतो, पण दोष जात नाही. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी खास वकिलांसाठी बनवलेली नामांकित साधनं तपासली, तेव्हा त्यांतही सहा प्रश्नांमागे एक किंवा त्याहून अधिक उत्तरं मनगढंत किंवा चुकीच्या आधारावरची निघाली. खरा निवाडा देऊन त्यात नसलेलं म्हणणं त्याच्या तोंडी घालणं हा प्रकार तर पकडायला आणखी अवघड. ६ जून २०२५ रोजी इंग्लंडच्या हायकोर्टाने निकाल दिलेल्या एका प्रकरणात ४५ दाखल्यांपैकी १८ अस्तित्वातच नव्हते. असं वागणं कोर्टाचा अवमान ठरू शकतं, गंभीर प्रसंगी प्रकरण पोलिसांकडेही पाठवलं जाऊ शकतं, असा इशारा कोर्टाने दिला.

न्यायाधीशांसाठीही सीमा आखल्या जात आहेत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने न्यायदानात मदत करणाऱ्या प्रणालींना अति-जोखमीच्या गटात टाकलं. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांना निर्णय घेण्यासाठी अशी साधनं वापरायला मनाई केली.

फीचा प्रश्न मात्र अजून सुटायचा आहे. मोठ्या फर्म तासांवर बिल लावतात. ही पद्धत विसाव्या शतकात रुळली. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांची किमान फीची दरपत्रकं बेकायदा ठरवल्यावर ती आणखी पक्की झाली. दहा तासांचं काम अर्ध्या तासात झालं, तर बिल कशाचं? अमेरिकन बार असोसिएशनने जुलै २०२४ च्या मतपत्रात स्पष्ट केलं, की तासांवर फी घेणाऱ्याने प्रत्यक्ष लागलेल्या वेळेचेच पैसे घ्यावेत. त्याच मतपत्रात, अशिलाची गोपनीय माहिती अशा साधनात भरण्याआधी त्याची समजून-उमजून दिलेली संमती लागू शकते आणि यंत्राचं काम तपासण्याची जबाबदारी वकिलाचीच राहते, असंही म्हटलं आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या तपासण्याची. दाखला खोटा आहे, गोषवाऱ्यात निवाड्याचा रोख उलटा लागला आहे, करारात एक अट राहून गेली आहे, हे ज्याला दिसतं तो वकील अनेक वर्षं हेच निवाडे आणि करार स्वतः वाचून तयार झालेला असतो. ज्युनिअरच्या वाट्याला आलेलं ते कंटाळवाणं वाचन म्हणजेच त्याचं शिक्षण होतं, आणि त्याचा खर्च अशिलाच्या बिलातून निघत होता. आता तेच काम यंत्राकडे जात आहे, आणि बिलातून निघणारा तो पैसाही आटणार आहे. ज्युनिअरला मुद्दाम, बिल न लावता, मूळ निवाडे वाचायला लावायचे तर त्या तासांचा खर्च फर्मने, विधि महाविद्यालयांनी की वकील संघटनांनी उचलायचा, याची चर्चा मतपत्रांत आणि निकालांत अजून फारशी आलेली नाही.