बारावरून बंदूक ओळखणे

बंदूक दृष्टीआड असताना केवळ आवाजावरून ती कोणत्या प्रकारची, कोणत्या दिशेला आणि साधारण किती लांब आहे हे ताडण्याची शिकाऱ्यांची रीत. हाक्याच्या शिकारीत तिला खरे मोल होते. हाकारे आरडाओरडा करत रान उठवीत पुढे येत, बंदुका मचाणांवर वाटलेल्या असत, आणि बार कुणाच्या बाजूला झाला यावर हाका थांबवायचा की चालू ठेवायचा हे ठरे. समोरच्या झुडपात जखमी वाघ असण्याची शक्यता असताना ही माहिती चैनीची नव्हती.

ग्वाल्हेर संस्थानात माधवराव शिंदे (कारकीर्द १८८६–१९२५) यांच्या काळात शिवपुरी, म्हणजे तेव्हाची सिप्री, ही उन्हाळी राजधानी होती आणि शिकारीचे मोठे ठाणेही. पंचम जॉर्ज यांच्या १९११ च्या दौऱ्यासाठी बांधलेला जॉर्ज कॅसल आणि सख्यासागर तलावाच्या काठची शिकारकोठी आजच्या माधव राष्ट्रीय उद्यानात उभी आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत गप्पा रंगल्या की ‘आवाज ऐकूनच सांगितलं, हा अमक्यांच्या दुनळीचा बार’ असे एखादे वाक्य हमखास येते. त्यात तथ्य आहे, पण सांगणाऱ्याला वाटते तेवढे नाही.

बंदुकीचा आवाज एक नसतो, दोन असतात. पहिला नळीच्या तोंडाशी तापलेला वायू एकदम बाहेर फुटल्याचा. दुसरा गोळीचा स्वतःचा. हवेत ध्वनीचा वेग २०° से. तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मी. असतो. गोळी त्याहून वेगवान असेल तर ती आपल्यामागे शंकूच्या आकाराची आघातलाट ओढत नेते आणि ती कानावरून जाताना चाबूक फुटल्यासारखा कोरडा कडाका होतो. समजा गोळी सरासरी सेकंदाला ६०० मी. वेगाने येते आहे आणि ऐकणारा ३०० मी. पुढे, तिच्या वाटेच्या बाजूला आहे. कडाका अर्ध्या सेकंदात पोचतो, नळीचा ‘धप्प’ त्यानंतर सेकंदाच्या एकतृतीयांशाहून थोड्या अधिक वेळाने. हा वेळेतला फरक जितका जास्त, तितकी बंदूक लांब. दिशा मात्र ‘धप्प’ सांगतो. कडाका गोळीच्या वाटेवरून येतो, बंदुकीकडून नव्हे, त्यामुळे तो ऐकून मान वळवणारा भलतीकडेच पाहत बसतो.

बंदुकीच्या मागे उभ्या असलेल्याला हा कडाका ऐकूच येत नाही, आणि नळीचा आवाजही पुढच्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. म्हणजे एकाच रायफलीचा बार हाकाऱ्याला एक आणि मचाणामागच्या माणसाला दुसराच वाटणार. अमुक रायफलीचा आवाज ‘असा’ असतो असे ठामपणे सांगणाऱ्याला तो कुठे उभा होता हे आधी विचारावे.

कानाला खात्रीने कळते ती जात. काळ्या दारूची ठासणीची बंदूक घुमणारा, जाड बार काढते. कॉर्डाइटसारख्या धूरविरहित दारूचा बार तीक्ष्ण असतो. बारा बोरच्या (बोर म्हणजे नळीचे आतले माप) छऱ्यांचा वेग थोड्याच अंतरात ध्वनीच्या खाली उतरतो, म्हणून लांबून नुसता ‘धडाम्’ ऐकू येतो. .२२ ची साधी गोळी ध्वनीहून किंचित हळू जाते. तिचा कडाका होतच नाही. पण .३७५ मॅग्नम आणि .४७० नायट्रो एक्सप्रेस या दोन जड शिकारी रायफलींत रानात, एकाच बारावरून फरक करणे ही बहुधा बढाईच. लागोपाठ ऐकायला मिळाल्या तर गोष्ट वेगळी.

नेहमी शिकारीला येणारा साथीदार आवाजाच्या पोतापेक्षा लयीवर जास्त विसंबे. दुनळीचे दोन बार जवळजवळ जोडून येतात. बोल्टच्या रायफलीत मध्ये बोल्ट (नवे काडतूस नळीत ढकलणारा दांडा) मागेपुढे करण्याइतकी फट पडते. ठासणीचा एक बार झाला की दारू, गज, गोळी हे सारे होईस्तोवर शांतता. शिवाय गोळी अंगात बसल्याचा बोदा आवाज शंभरेक मीटरपलीकडून वेगळा ऐकू येई. जवळच्या नेमात तो बाराखालीच दडपून जातो.

या कौशल्याला कायद्यानेही हातभार लावला. लष्करी काडतुसे खासगी हातांत जाऊ नयेत म्हणून ब्रिटिश अमदानीत .३०३ सारख्या मापांवर निर्बंध होते. त्यातूनच नागरी वापरासाठी .३१५ बोर रुळली आणि सरकारी कारखान्यांत ती पुढेही बनत राहिली. रानात मोजक्याच जातींच्या बंदुका, आणि कोणत्या मचाणावर कोण बसले आहे हे सकाळीच ठाऊक. बारावरून नाव सांगणाऱ्यांचे निम्मे काम तिथेच होऊन जाई.

शिवपुरीचे रान करधई आणि सालईचे, पानगळीचे. उन्हाळ्यात ते उघडे पडते आणि वालुकाश्माच्या कडांवरून आवाज परततो, एका बाराचे दोन भासतात. रात्री जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा गार झाली की ध्वनी खाली वाकतो आणि दिवसा न पोचणारा बार दूरच्या गावात ऐकू येतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि शिकारीबरोबर ही विद्याही मागे पडली. वनरक्षकाला रात्रीच्या बाराची दिशा अजून ताडावी लागते. भिंड-मुरैनाकडे वरातीतल्या हर्षाच्या गोळीबाराला शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली आहे. अशा प्रकरणांत मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण पुढे येते, पण फोनचा माइक एवढा मोठा दाब पेलत नाही, लाटेचा माथाच कापला जातो आणि बोर ओळखण्याजोगे त्यात फारसे उरत नाही. बार किती आणि किती अंतराने झाले, एवढे मात्र त्यातून नीट मोजता येते.