दिवा लुकलुकला, आता पुढे काय? (५५५ किटसोबतचे माहितीपत्रक)

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पट्टीवर) भाग बसवले, बॅटरी लावली, एलईडी लुकलुकला, आणि किट कपाटात गेले. बहुतेकांचे असेच होते. खरी मजा त्यानंतर आहे असे आम्हाला वाटते, म्हणून या पत्रकात जोडणीबद्दल थोडे आणि पुढच्या खटपटींबद्दल जास्त लिहिले आहे. जोडणीचे चित्र डब्याच्या झाकणावर आहेच.

५५५ ही आयसी, म्हणजे वेळ मोजणारी छोटी चिप, हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये तयार केली आणि ती आजही बनते. तिचे काम समजायला सोपे आहे. वीज अडवणाऱ्या रेझिस्टरमधून वीज साठवणारा कपॅसिटर हळूहळू भरतो. त्यावरचा दाब (व्होल्टेज) बॅटरीच्या दोन तृतीयांश झाला की आयसी त्याला ७ क्रमांकाच्या पिनमधून रिकामा करू लागते. दाब एक तृतीयांशावर आला की पुन्हा भरणे सुरू. भरताना ३ क्रमांकाच्या पिनवर व्होल्टेज असते, रिकामा होताना नसते, आणि त्यावर एलईडी लुकलुकतो. दोन्ही मर्यादा बॅटरीच्याच प्रमाणात असल्यामुळे बॅटरी उतरली तरी वेग फारसा बदलत नाही. वेग ठरतो तो रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्यावर.

किटमध्ये १ किलोओहम आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. त्यांवर दिवा सेकंदाला साधारण एकदा लुकलुकतो. आता १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून '१०३' छापलेला छोटा चपटा कपॅसिटर लावा. तो ०.०१ मायक्रोफॅरडचा, म्हणजे हजारपट लहान. लुकलुकणेही हजारपट जलद होईल आणि एलईडी सतत पेटल्यासारखा दिसेल. इथे काही बिघडलेले नाही. एलईडी आणि त्याचा ४७० ओहमचा रेझिस्टर काढून त्या जागी पिएझो चकती (विजेने आवाज करणारी पातळ चकती) जोडा, म्हणजे जे डोळ्याला दिसत नव्हते ते कानाला ऐकू येईल: सुमारे १००० हर्ट्झची शिट्टी.

यापुढे ६८ किलोओहमच्या जागी काहीही बसवून पाहता येते. एलडीआर (उजेड वाढला की वीज कमी अडवणारा रेझिस्टर) लावला तर हाताची सावली पडताच सूर उतरतो आणि उजेडात चढतो. भर उन्हात मात्र आवाजच गायब होईल, कारण सूर कानाच्या आवाक्याबाहेर जातो. एलडीआरच्या रांगेत १० किलोओहम जोडला की तो परत येतो. आमचा सर्वात आवडता प्रयोग पेन्सिलीचा. कागदावर मऊ, गडद पेन्सिलीने जाड रेघ ओढा. एका टोकाला एक वायर चिमट्याने धरा, दुसरी वायर रेघेवरून सरकवा. ग्राफाइटमधून वीज जाते, त्यामुळे रेघ जितकी लांब तितका सूर खालचा. मुले यावर तासन्‌तास गाणी शोधत बसतात (मोठेही, पण ते कबूल करत नाहीत). मात्र १ किलोओहमचा रेझिस्टर काढून त्या जागी कधीही नुसती वायर लावू नका. तसे केले तर ७ क्रमांकाची पिन थेट बॅटरीला जोडली जाते आणि आयसी जळते.

चालत नसेल तर आयसीला दोष देण्याआधी मल्टिमीटर घ्या. आमच्याकडे 'खराब' म्हणून आलेल्या बऱ्याच आयसी चांगल्याच निघतात. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि लाल वायर व्होल्टच्याच भोकात आहे ना, ते पाहा. ती अँपिअरच्या भोकात राहिली तर बॅटरीला टेकवताच शॉर्ट होतो. १ आणि ८ या पिनांमध्ये सुमारे ९ व्होल्ट यायला हवेत, ४ क्रमांकाच्या पिनवरही तेवढेच. मग १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर परत लावून त्याच्या धन टोकावर मोजा: आकडा साधारण ३ ते ६ च्या मध्ये वरखाली होत असेल तर आयसी ठणठणीत आहे, घोळ एलईडीकडे शोधा. बहुधा तो उलटा बसलेला असतो. लांब पाय धन बाजूला हवा. आकडा ९ च्या जवळ अडकला असेल तर ६ किंवा ७ क्रमांकाची पिन भोकात नीट बसलेली नाही. शून्यावरच असेल तर कपॅसिटर भरतच नाही, रेझिस्टर तपासा. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी पट्टे हमखास गोंधळवतात, म्हणून १ किलोओहमऐवजी १० किलोओहम तर लागला नाही ना, तेही मोजून घ्या.

आयसी हाताला चटका देत असेल तर बॅटरी लगेच काढा. धन-ऋण उलटे झाले असण्याची शक्यता जास्त, आणि अशी आयसी बहुतेकदा वाचत नाही. डब्यात एक जादा दिली आहे ती यासाठीच.

हे किट बॅटरीवरच चालवा. घरातल्या विजेच्या बोर्डाला किंवा उघडलेल्या चार्जरला त्यातले काहीही जोडू नका.

एवढे करूनही अडलात तर जोडणीचा वरून काढलेला फोटो आणि वर सांगितलेली तिन्ही मापे आम्हाला पाठवा. मापे सोबत असली की दोष बहुधा पहिल्याच उत्तरात सापडतो.