वसाहतकालीन आफ्रिकेची छायाचित्रे

युरोपीय सत्तांच्या अमलाखालील आफ्रिकेत, ढोबळमानाने १८५० ते १९६० या काळात काढलेली आणि आज सरकारी दफ्तरे, मिशन, वस्तुसंग्रहालये व विद्यापीठे यांच्याकडे जतन असलेली छायाचित्रे. सरकारी अहवाल, मिशनचा प्रचार, मानववंशशास्त्रीय मोजमापे, रेल्वेची कामे, पोस्टकार्डे आणि स्थानिक लोकांनी पैसे मोजून काढून घेतलेले फोटो असे सगळे या एका नावाखाली येते. फोटो कोणी आणि कोणासाठी काढला हे कळल्याशिवाय तो पुरावा म्हणून वापरता येत नाही. नेमकी हीच माहिती फोटोखालच्या ओळीत बहुधा नसते.

१८५१ नंतर सुमारे तीस वर्षे ओल्या कोलोडियनची (ईथर व अल्कोहोल असलेल्या चिकट द्रवाची) पद्धत चालली. काचेवर कोलोडियन ओतायचे, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि दहा-पंधरा मिनिटांत डेव्हलप करायची. उष्ण हवेत ईथर भराभर उडे, थर वाळे, त्यावर धूळ बसे आणि गढूळ पाण्याने डाग पडत. अंधाराचा तंबू, काचा आणि रसायनांच्या बाटल्या सोबत न्याव्या लागत. १८५८ च्या झांबेझी मोहिमेत जॉन कर्क आणि चार्ल्स लिव्हिंगस्टन यांनी असे फोटो काढले. पण या काळातले बहुतेक फोटो बंदरांचे आणि मिशनच्या ठाण्यांचे आहेत. कोरड्या जिलेटिन काचा आणि १८८८ चा कोडॅक कॅमेरा आल्यावर अधिकारी, व्यापारी, शिकारी सगळेच फोटो काढू लागले.

सुरुवातीच्या काचांना मुख्यतः निळा प्रकाश कळे, लाल व तपकिरी नाही. त्यामुळे आकाश पांढरेफटक, अंगाला लावलेली लाल माती काळी, आणि सावळ्या चेहऱ्यावरचे बारकावे गडप. जुन्या फोटोतला ‘काळाकुट्ट’ माणूस हा बऱ्याच अंशी त्या रसायनाचा प्रताप आहे.

१८६९ मध्ये ब्रिटनचे वसाहत मंत्री लॉर्ड ग्रॅनव्हिल यांनी वसाहतींकडून इमारती, देखावे आणि तिथल्या लोकांचे फोटो मागवले. त्याच वर्षी इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी माणसाला विवस्त्र, मोजपट्टीशेजारी, समोरून आणि बाजूने उभे करून फोटो काढण्याची सूचना केली. तिला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. वसाहत खात्याकडे जमलेला संग्रह आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘सीओ १०६९’ या क्रमांकाखाली आहे. त्यातले आफ्रिकेचे हजारो फोटो २०११ मध्ये इंटरनेटवर खुले झाले. स्वित्झर्लंडच्या बाझेल मिशनचा संग्रह, फ्रँकफुर्ट विद्यापीठातला जर्मन वसाहत संस्थेचा संग्रह आणि अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला पूर्व आफ्रिकेचा विंटरटन संग्रह (सात हजारांहून अधिक फोटो) हेही मोठे साठे आहेत.

कॅमेऱ्यामागे नेहमी गोरा माणूसच असे, हा समज चुकीचा आहे. ऑगस्टस वॉशिंग्टन हा आफ्रिकी-अमेरिकन छायाचित्रकार १८५३ मध्येच लायबेरियात पोहोचला होता. फ्रीटाउनला अल्फॉन्सो लिस्क-कॅर्यू, अक्राला लुटेरोट कुटुंब, बॉनीला जे. ए. ग्रीन (१८७३–१९०५) असे स्थानिक व्यावसायिक होते. नावावरून इंग्रज वाटणारे ग्रीन नायजर मुखप्रदेशातल्या इजो समाजातले होते. बेनिन राज्याचे (आजच्या नायजेरियात) ओबा, म्हणजे राजे, ओवोन्रामवेन यांना १८९७ मध्ये ‘आयव्ही’ बोटीतून कालाबारला हद्दपारीत नेताना त्यांनी काढलेला फोटो प्रसिद्ध आहे: ओबा बसलेले, पायांत बेड्या, मागे पहारेकरी.

झांझिबारचे नाते थेट गोव्याशी आहे. तिथे ए. सी. गोम्स यांचा आणि पुढे जे. बी. कुटिन्हो यांचा स्टुडिओ गोवेकरांचा. आडनावावरून त्यांना पोर्तुगीज समजण्याची चूक होते. त्यांच्या फोटोंचा काळ ठरवायला तिथल्या बेत-अल-अजाइब या राजवाड्याचा चांगला उपयोग होतो. वाड्यासमोर मनोरा सुटा उभा दिसला तर फोटो २७ ऑगस्ट १८९६ च्या ब्रिटिश तोफमाऱ्यापूर्वीचा. मनोरा वाड्यालाच जोडलेला असेल तर १८९७ च्या दुरुस्तीनंतरचा.

काही फोटोंनी राजकारण हलवले. मे १९०४ मध्ये काँगोतल्या बारिंगा येथे मिशनरी ॲलिस सीली हॅरिस यांनी न्साला या माणसाचा फोटो काढला. तो ओसरीच्या कडेला बसून समोर ठेवलेल्या, आपल्या पाच वर्षांच्या मुलीच्या तोडलेल्या हाता-पायाकडे पाहतो आहे. रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिला मारले होते. असे फोटो मॅजिक लँटर्नच्या (चित्र पडद्यावर मोठे करून दाखवणाऱ्या दिव्याच्या) काचांवर उतरवून ब्रिटन-अमेरिकेतल्या सभांत दाखवले गेले. १९०८ मध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी ताब्यातून काँगो बेल्जियम सरकारकडे गेला.

काळ ठरवताना वस्तूपासून सुरुवात करावी. पातळ कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला, छटा जांभळट-तपकिरी, उजळ भाग पिवळसर आणि भिंगातून कागदाचे तंतू दिसणारे असतील तर तो अल्ब्युमिन (अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा) छाप, म्हणजे बहुधा १९०० पूर्वीचा. पोस्टकार्डाची मागची बाजू पत्ता आणि मजकूर अशी विभागलेली असेल तर ब्रिटिश कार्ड १९०२ नंतरचे, फ्रेंच साधारण १९०४ नंतरचे. मात्र हा कार्ड छापल्याचा काळ झाला, फोटोचा नव्हे. डाकारच्या एडमाँ फोर्तिए यांनी तीच चित्रे नव्या क्रमांकाने पुन्हापुन्हा छापली. फोटोखालच्या ओळीत ‘टांगानिका प्रदेश’ (जर्मन पूर्व आफ्रिकेला ब्रिटिशांनी दिलेले नाव) असेल तर ती ओळ १९२० नंतर लिहिली गेली, फोटो जर्मन काळातला का असेना. शोध घेताना लिओपोल्डव्हिल (किन्शासा), सॅलिसबरी (हरारे), लौरेंसो मार्केस (मापुटो) ही जुनी नावेही घालून पाहावीत. मालीतल्या बामाकोचे छायाचित्रकार सेदू केता दर दोन-तीन वर्षांनी स्टुडिओतला पडदा बदलत आणि त्यावरूनच आपले फोटो कधीचे ते सांगत. पहिला पडदा म्हणजे त्यांच्या पलंगावरची झालरवाली चादर. उलट, तेच कातड्याचे पांघरूण वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर दिसले तर ते फोटोवाल्याच्या सामानातले समजावे. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीचे छायाचित्रकार डगन-क्रोनिन यांच्या फोटोंत हे पाहायला मिळते.

जतन करताना काचा चार बाजूंच्या पाळ्या आत दुमडणाऱ्या आम्लरहित कागदात गुंडाळून लांब कडेवर उभ्या ठेवतात. आडव्या थप्पीत खालची काच फुटते. फुटलेली काच मात्र आडवीच ठेवावी. तापमान १८ अंशांच्या आत आणि आर्द्रता ३० ते ४० टक्के असावी. ६५ च्या वर गेली की जिलेटिनवर बुरशी धरते. सुती हातमोज्यातून काच निसटते, नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे बरे. १९५० च्या आसपासपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म पिवळी, चिकट होऊन पेट घेऊ शकते, म्हणून ती वेगळी आणि थंड ठिकाणी ठेवतात. ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरचा वास आला की ती आकसू लागली म्हणून समजावे. कागदी फोटोच्या मागे काही लिहायचेच झाले तर कडेला, मऊ पेन्सिलीने.

स्कॅन रंगीतच करतात, कारण छटेवरून पद्धत ओळखता येते. शिक्के आणि हस्ताक्षर असलेली मागची बाजूही स्कॅन करतात. मूळ ओळ अपमानकारक असली तरी अवतरणात जशीच्या तशी ठेवतात. नवे वर्णन वेगळ्या रकान्यात, लिहिल्याच्या तारखेसह येते.