शार्लमेनपर्यंतची वंशावळ

पश्चिम युरोपीय मुळाच्या एखाद्या कुटुंबाने एकेक पिढी मागे जात आपला वंश फ्रँक सम्राट शार्लमेन याच्यापर्यंत कागदोपत्री नेऊन भिडवणे, हा युरोप-अमेरिकेतील वंशावळ-अभ्यासाचा जुना आणि हौशी मंडळींचा विशेष आवडता भाग आहे. शार्लमेनला २५ डिसेंबर ८०० रोजी रोममध्ये पोप तिसरा लिओ याने सम्राटपदाचा मुकुट घातला. ८१४ मध्ये तो आखेन येथे वारला. बायका आणि उपपत्नी मिळून त्याला अठरा-वीस मुले झाली. त्यांतल्या फार थोड्यांचा वंश पुढे चालल्याचे कागद दाखवतात; पण त्या थोड्यांचे रक्त फ्लँडर्स, फ्रान्स, इंग्लंड, कास्तील अशा बहुतेक सगळ्या राजघराण्यांत आणि तिथून सरदार घराण्यांत मिसळले. एखाद्या मध्ययुगीन सरदाराशी आपले नाते जुळले, की ते कुठून ना कुठून शार्लमेनपर्यंत पोचतेच. सरदारी मूळ शोधणाऱ्यांचा शेवटचा मुक्काम म्हणून त्याचे नाव येते ते यामुळे.

या विषयात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. वंशज असणे ही एक, आणि वंशज असल्याचे दाखवता येणे ही दुसरी. पहिली जवळजवळ फुकट मिळते, दुसरी फार थोड्यांना साधते.

आकडेमोड

आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. पिढी तीस वर्षांची धरली तर शार्लमेन साधारण चाळीस पिढ्या मागे येतो आणि त्या पिढीत प्रत्येकाला सुमारे १ लाख १० हजार कोटी पूर्वज असायला हवेत. त्या वेळी सगळ्या युरोपात मिळून माणसे होती काही कोटी. याचा अर्थ उघड आहे. एकच माणूस आपल्या वंशवृक्षात हजारो जागांवर बसलेला असतो, कारण दूरच्या भावंडांत, कळत-नकळत, पिढ्यान्‌पिढ्या लग्ने झालेली असतात. येल विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानातून असे निघते, की पुरेसे मागे गेल्यावर त्या काळातला ज्याचा वंश आजवर टिकला तो प्रत्येक जण आज जिवंत असलेल्या सगळ्यांचाच पूर्वज ठरतो. पुढे २०१३ मध्ये पीटर राल्फ आणि ग्रॅहम कूप यांनी २,२५७ युरोपीय व्यक्तींचा डीएनए तपासला आणि युरोपच्या दोन टोकांना राहणाऱ्यांचेही गेल्या हजारेक वर्षांत समान पूर्वज असल्याचे दाखवले. सम्राट त्यांत आला, तसा त्याच्या तबेल्यातला मोतद्दारही आला, जर त्याचा वंश टिकला असेल तर.

डीएनए चाचणी करून शार्लमेनशी नाते सिद्ध होईल ही आशा मात्र व्यर्थ आहे. प्रत्येक पिढीत आईकडचा अर्धा आणि बापाकडचा अर्धा वारसा खाली उतरतो आणि उरलेला अर्धा गळतो. दहा पिढ्या मागच्या १,०२४ पूर्वजांपैकीच बऱ्याच जणांचा एकही तुकडा आपल्यात नसतो. चाळीस पिढ्यांमागच्या एका ठरावीक माणसाकडून काही मिळाले असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तेव्हा राहतो तो कागद.

व्हर्माँद्वाची साखळी

कागदावरची सर्वांत प्रसिद्ध साखळी एका आंधळ्या केलेल्या राजापासून सुरू होते. शार्लमेनचा मुलगा पेपिन इटलीचा राजा होता. तो बापाच्या आधीच, ८१० मध्ये, वारला. त्याचा मुलगा बर्नार्ड. याच्या आईचे नाव कळत नाही आणि तो बहुधा अनौरस असावा. आजोबांनी त्याला इटलीची गादी दिली होती. शार्लमेननंतर सम्राट झालेला चुलता लुई याने ८१७ मध्ये राज्याची वाटणी जाहीर केली तेव्हा तीत बर्नार्डचे नावच नव्हते. पुतण्याने बंड केले, ते फसले, तो शरण आला. देहान्ताची शिक्षा ‘सौम्य’ करून चुलत्याने त्याचे डोळे काढायला लावले आणि एप्रिल ८१८ मध्ये त्या जखमांनीच बर्नार्ड मेला.

वंश इथेच खुंटला असता. पण प्रूमच्या मठाचा एके काळचा प्रमुख रेगिनो याने ९०८ च्या सुमारास पुरी केलेल्या बखरीत ८१८ सालाखाली जाता जाता सांगितले आहे, की बर्नार्डला पेपिन नावाचा मुलगा होता आणि त्या पेपिनला तीन मुलगे, बर्नार्ड, पेपिन आणि हर्बर्ट. आज लाखो लोकांच्या वंशावळी या एका उल्लेखावर टांगलेल्या आहेत. रेगिनो त्या मुलांचा समकालीन होता म्हणून त्याची साक्ष मानतात. तो उल्लेख त्याने गाळला असता तर साखळीची ही कडी जुळवायला दुसरे फारसे काही हाती नव्हते.

तो हर्बर्ट म्हणजे उत्तर फ्रान्समधील व्हर्माँद्वाचा काउंट पहिला हर्बर्ट. फ्लँडर्सचा काउंट दुसरा बाल्डविन याने त्याचा खून करवला. त्याचा मुलगा दुसरा हर्बर्ट (मृत्यू ९४३) बापापेक्षा वरचढ निघाला. फ्रान्सचा राजा साधा चार्ल्स, म्हणजे शार्लमेनच्याच वंशातला भाऊबंद, याला हर्बर्टने ९२३ मध्ये दगा देऊन पकडले आणि कैदेत ठेवले. ९२९ मध्ये पेरोन येथे त्या कैदेतच राजाचा अंत झाला. दुसऱ्या हर्बर्टनंतर आल्बर्ट, तिसरा हर्बर्ट, ओतो आणि चौथा हर्बर्ट अशी बापाकडून मुलाकडे काउंटपदाची रांग चालते. चौथ्या हर्बर्टच्या मुलाला सरदारांनी नालायक ठरवून वारसाहक्कातून बाजूला केले आणि वतन मुलीकडे, अ‍ॅडलेडकडे, आले. पुरुषांची परंपरा तिथे संपली.

वंशावळीच्या दृष्टीने खरी घडामोड इथून पुढे आहे. अ‍ॅडलेडचे लग्न फ्रान्सचा राजा पहिला फिलिप याचा भाऊ ह्यू याच्याशी झाले. त्यांची मुलगी इझाबेल, शार्लमेनपासून अकरा पिढ्या खाली. तिचे पहिले लग्न रॉबर्ट द बोमाँ याच्याशी झाले. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमच्या बाजूने, प्रत्यक्ष लढल्याचा समकालीन पुरावा ज्यांच्याबद्दल मिळतो, अशा पंधरा-वीस जणांपैकी हा एक. नवरा-बायकोच्या वयात मोठे अंतर होते. रॉबर्ट १११८ मध्ये वारल्यावर तिने सरेचा अर्ल विल्यम द वॉरेन याच्याशी संसार मांडला. दोन्ही घरांत तिला भरपूर मुले झाली, ती इंग्लंड-स्कॉटलंडच्या बड्या घराण्यांत दिली-घेतली गेली, आणि तिच्यामागे इंग्रज सरदारवर्गाचा मोठा भाग शार्लमेनचा वंशज झाला.

दुसरी वाट ज्युडिथची. शार्लमेनचा नातू टकला चार्ल्स याची ही मुलगी ८५६ मध्ये, विशीच्या बरीच आत असताना, दक्षिण इंग्लंडमधील वेसेक्सचा वयस्क राजा एथेलवुल्फ याला दिली. दोन वर्षांत तो वारला, तेव्हा सावत्र मुलगा एथेलबाल्ड याने तिच्याशी लग्न केले. तोही ८६० मध्ये गेला. बापाने तिला परत आणून पहाऱ्यात ठेवले. तिथून ती बाल्डविन नावाच्या सरदाराबरोबर पळून गेली. चार्ल्स संतापला, पण पोप पहिला निकोलस मध्ये पडला आणि ८६३ मध्ये रीतसर लग्न लागले. हे दोघे फ्लँडर्सच्या काउंट घराण्याचे मूळ. विल्यम विजेत्याची राणी मटिल्डा त्यांच्याच वंशातली; हर्बर्टचा खून करवणारा दुसरा बाल्डविन हा त्यांचाच मुलगा.

कडी कुठे तुटते

वरचा भाग, म्हणजे राजे आणि काउंट, अभ्यासकांनी दीडशे-दोनशे वर्षे घासूनपुसून ठेवलेला आहे. अडते ते खाली, जिथे सरदाराची धाकटी मुलगी एखाद्या लहान जमीनदाराला दिली जाते आणि तिच्या नातवाचा मुलगा गावात सुतार किंवा कापडवाला होतो.

इंग्लंडमध्ये चर्चच्या बाप्तिस्मा-विवाह-दफन नोंदवह्या १५३८ पासून, थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने, ठेवायला लागले. सुरुवातीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून काढायचे ठरले तेव्हा पुष्कळ ठिकाणी पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच, म्हणजे १५५८ पासूनच, नकला केल्या गेल्या. आधीची वीस वर्षे त्या गावांतून गेली ती गेलीच. रोमन कॅथलिक देशांत ट्रेंटच्या धर्मपरिषदेच्या १५६३ च्या निर्णयानंतर अशा वह्या सर्रास झाल्या.

त्याच्या मागे जायचे तर जमीन हवी. राजाकडून थेट जमीन धरणारा मेला, की राजाचा अधिकारी गावकऱ्यांचे पंच बसवून चौकशी करी: कोणती जमीन, कोणत्या अटीवर, केव्हा वारला, जवळचा वारस कोण आणि त्याचे वय किती. ‘मुलगा जॉन, वय २१ वर्षे व अधिक’ एवढी एक ओळ मिळाली, की एक पिढी पक्की होते. वारस अज्ञान असेल तर तो सज्ञान झाल्यावर वयाचा पुरावा घेत. साक्षीदार येऊन सांगत, हा जन्मला ते मला पक्के आठवते, कारण त्याच दिवशी माझ्या मुलाचा बाप्तिस्मा होता, किंवा मी घोड्यावरून पडून पाय मोडून घेतला होता. इतक्या जणांचे पाय मोडलेले दिसतात, की काही साक्षी ठरावीक साच्याच्या असाव्यात असा संशय येतो. पण हे सगळे जमीनवाल्यांचे. ज्याच्याकडे जमीन नाही आणि मृत्युपत्र करण्यासारखे काही नाही, त्याचे नाव क्वचितच उरते.

तिसरे साधन म्हणजे कुलचिन्हांच्या तपासणीचे दौरे. १५३० ते १६८८ या काळात राजाचे अधिकारी परगण्यापरगण्यांत फिरत आणि ढालीवर चिन्ह लावणाऱ्या घराण्यांचा हक्क तपासत. त्या वेळी लिहून घेतलेल्या वंशावळी सांगणाऱ्याच्या आजोबांपर्यंत बऱ्याच खऱ्या असतात. त्यामागच्या पिढ्या मात्र घरच्यांनी सांगितल्या तशा उतरवलेल्या, आणि घरच्यांना विल्यम विजेत्याबरोबर आलेला मूळपुरुष हवाच असे.

अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांबाबत प्रश्न आणखी अरुंद होतो. सतराव्या शतकात समुद्र ओलांडलेल्या हजारोंपैकी काहीशे लोकांचेच राजवंशी मूळ पुराव्याने दाखवता येते. त्या प्रत्येकाला अभ्यासक ‘दाराचा पूर्वज’ म्हणतात, कारण त्याच्यापर्यंत पोचले की पुढचे दालन उघडते. अ‍ॅन हचिन्सन (१५९१–१६४३) ही त्यांतली ठळक. धर्ममतांवरून तिला मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार केले. तिचे मूळ इंग्लंडच्या प्लँटॅजेनेट राजघराण्यापर्यंत जाते. तिला पंधरा मुले झाली आणि अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट तिच्या वंशजांत मोडतात. ब्रिटनमध्ये २०१६ साली लंडनच्या ईस्ट एंडमधला अभिनेता डॅनी डायर इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा वंशज असल्याचे बीबीसीच्या कार्यक्रमात दाखवले तेव्हा लोकांना नवल वाटले. नवल वंशज असण्याचे नव्हते, कागद सापडल्याचे होते.

बनावट मुळे

मागणी असली की पुरवठा होतोच. स्वीडनमध्ये जन्मलेला गुस्ताव्ह अँजू (१८६३–१९४२) न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर बसून श्रीमंत अमेरिकनांना वंशावळी करून देई आणि हजारो डॉलर घेई. त्याची रीत धूर्त होती. पुष्कळसे खरे कागद द्यायचे, आणि समुद्रापलीकडचा नेमका जोडाचा दुवा मनाने घालायचा. गिऱ्हाइकाच्या आडनावाचा इंग्लंडातला कुणी सरदार शोधून त्याला एक मुलगा बहाल केला की काम झाले. खुद्द त्याचे सरदारी वाटणारे आडनावही घेतलेलेच होते. इंग्लंडमध्ये होरेस राउंड (१८५४–१९२८) याने अशा खोट्या वंशावळींची चिरफाड करण्यात आयुष्य घातले. नावाजलेली घराणीही त्याच्या तडाख्यातून सुटली नाहीत.

शार्लमेनच्या मागे जाणाऱ्या वाटेवर तर सावधच राहावे. त्याचे मूळ मेत्सचा बिशप आर्नुल्फ याच्याकडे नेतात, पण ही कडी पक्की करणारे लेखन बरेच नंतरचे आहे. नवव्या शतकाच्या आरंभी त्याच्या पूर्वजांना रोमन सिनेटरांशी आणि आधीच्या मेरोव्हिंजियन राजांशी जोडणारी वंशावळ तयार झाली, आणि फ्रँक लोक ट्रॉयहून आले अशी कथा सातव्या शतकातच लिहिली गेली होती. प्राचीन रोमपर्यंत अखंड जाणारी पश्चिम युरोपातील एकही वंशावळ आजवर सर्वमान्य पुराव्याने सिद्ध झालेली नाही.

गोव्यातली आडनावे

मराठी-कोकणी मुलखाशी या विषयाचा खरा संबंध येतो तो गोव्यात. नोरोन्हा हे आडनाव घ्या. त्याचे मूळ स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातील नोरेन्या हे गाव. कास्तीलचा राजा दुसरा हेन्री याचा अनौरस मुलगा आल्फोन्सो तिथला काउंट होता. त्याचे लग्न पोर्तुगालचा राजा पहिला फर्नांदो याच्या अनौरस मुलीशी झाले आणि त्यांची मुले पोर्तुगालमध्ये नोरोन्हा म्हणून नांदली. कास्तीलच्या राजघराण्यातून त्यांचा धागा शार्लमेनपर्यंत सहज जातो. याच घराण्यातले गार्सिया (१५३८–४०), आफोन्सो (१५५०–५४) आणि आंताव (१५६४–६८) गोव्याचे व्हाइसरॉय झाले.

आज गोव्यात नोरोन्हा पुष्कळ आहेत. पण सोळाव्या-सतराव्या शतकांत धर्मांतराच्या वेळी नव्या ख्रिस्तीला धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे आडनाव मिळे. एकाच कुळाच्या शाखांना वेगवेगळी आडनावे पडल्याचीही उदाहरणे आहेत. गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कने १५१० नंतर पोर्तुगीज शिपायांची स्थानिक स्त्रियांशी लग्ने लावून दिली, त्यांचा वंश काही घरांत असू शकतो, पण ते शिपाई होते, काउंट नव्हेत. गोव्याच्या ख्रिस्ती घराला मागे जायला भक्कम वाट आहे ती गावकारीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेची. गावच्या जमिनीतला हक्क बापाकडून मुलाकडे जाई, म्हणून गावकारांची नावे वांगडवार (कुळांच्या गटांनुसार) नोंदली जात, आणि १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी आफोन्सो मेशिया याने या रूढी लेखी करून घेतल्यावर त्या पोर्तुगीज अमलातही टिकल्या. सासष्टीतल्या एखाद्या नोरोन्हांनी ही वाट धरली, तर बाप्तिस्म्याच्या वहीच्या पलीकडे त्यांना भेटणारा मूळपुरुष बहुधा कुणी शेणै, नायक, प्रभू किंवा कामत असतो.